वळणकाकांचं अक्षर

गावातल्या पेंटरला सगळे वळणकाका म्हणत. पाटी रंगवायची तर त्यांनीच. ब्रश एकदा रंगात बुडवला की अक्षर पुरं होईस्तोवर उचलायचा नाही, ही त्यांची खोड. त्यापायी त्यांच्या प्रत्येक 'ल'ला उंदरासारखं शेपूट फुटायचं. न्हाव्याच्या पाटीवर ते शेपूट, डॉक्टरच्याही पाटीवर तेच.

बायको टोमणा मारायची, "साऱ्या जगाला नावं लिहून देता. माझं नाव कधी लिहिलंत?"

"तू काय दुकान आहेस?" काका म्हणायचे.

मग फ्लेक्स आले नि पाट्यांचा धंदा बसला. हातालाही कंप सुटला. काकांचा पुतण्या फोटो स्टुडिओ चालवायचा. डोक्याआधी बोट चालायचं म्हणून त्याला सगळे बटण्या म्हणत. तो म्हणाला, "काका, हात पुरता जायच्या आत अक्षरं काढून द्या. फॉन्ट करतो."

काकांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं आणि काने, मात्रा, जोडाक्षरं, सगळं कागदावर उतरवलं. बटण्यानं ते स्कॅन केलं, फॉन्ट बनवून कॉम्प्युटरात इन्स्टॉल केला. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये काकूचा फोटो घेतला आणि खाली तिचं नाव टाइप केलं. नावात दोन 'ल'.

"अगं बाई, दोन उंदरं बसवलीत की माझ्या नावात!" काकू म्हणाली. पण पडद्यापुढून हलेना. जाताना म्हणाली, "मी गेल्यावर भिंतीवर हाच लावा. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात मला टांगू नका."

ती खरंच आधी गेली.

काका तो फोटो छापून घ्यायला स्टुडिओत गेले, तर टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर. बटण्यानं जुन्यातले सगळे फोटो पेनड्राइव्हवर भरून नव्यात आणले होते. फाईलबरोबर फॉन्ट येत नाही, तो वेगळा उचलून पुन्हा बसवावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता जुना डबा भंगारवाल्याच्या गाडीवर चढला. काकांचे कागद त्याआधीच शाई पुसण्यात खपले होते.

तरी फाईल उघडली तेव्हा काकूचं नाव जसंच्या तसं होतं, दोन्ही शेपटांसकट. शेजारी फक्त एक पिवळी खूण. फॉन्ट नसला तरी मजकुराला हात लावेपर्यंत जुनं चित्र टिकतं, एवढी त्या सॉफ्टवेअरची माणुसकी.

"असंच काढ," काका म्हणाले.

"असं कसं? पुढं 'कै.' नको? लोक काय म्हणतील?"

"अरे, हात नको लावू..."

बोट पोचलं होतं. पडद्यावर काहीतरी विचारणा आली, ती न वाचताच त्यानं 'ओके' दाबलं. शेपटं गेली. लग्नपत्रिकेपासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसणारं सपाट अक्षर तिथं येऊन बसलं.

"घाबरू नका. बंद करून उघडतो, मूळचं येतं." बंद करताना सॉफ्टवेअरनं विचारलं, बदल ठेवायचे का? बोटानं सवयीनं 'हो' म्हटलं.

बटण्या म्हणाला, "हेपण छान दिसतंय, काका. उलट स्वच्छ वाटतंय."

काका उठले, काकूचा फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि रस्ता ओलांडून समोरच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्या दुकानाच्या बोर्डावरचं शेपूट त्यांनी मागंच ओळखलं होतं. फ्लेक्सवाल्यानं तो फॉन्ट बटण्याच्या पेनड्राइव्हवरून कधीतरी उचलला होता. तेव्हा काकू म्हणाली होती, "जाऊन कान धरा त्याचा." काका गेले नव्हते. आज गेले, ते हात जोडून.

फ्लेक्सवाल्यानं फॉन्टची यादी उघडली. काकांच्या फॉन्टला त्यानं स्वतःचंच आडनाव लावलेलं.

"आमचं स्वतःचं वळण आहे, बाबा," तो म्हणाला. "बाजारात दुसऱ्या कुणाकडे मिळणार नाही."

"खरंय," काका म्हणाले.

"या 'ल'चं शेपूट जरा जास्तच होतंय. छाटू का?"

"राहू दे. तिला सवय आहे."

फोटो भिंतीवर लागला. खालच्या कोपऱ्यात फ्लेक्सवाल्यानं न विचारता आपल्या दुकानाचं नाव टाकलं होतं, तेही त्याच अक्षरात. काकांनी तेवढी पट्टी ब्लेडनं कापली. काप वाकडा गेला.

आठवड्यानं बटण्या आला. फोटो बघून हरखला.

"आयला, सापडला की फॉन्ट! काका, पेनड्राइव्ह आणलाय. मला द्या ना कॉपी करून."

"तुझ्या समोरच्या फ्लेक्सवाल्याकडे जा," काका म्हणाले. "त्याचा आहे तो."