पेपरची परीक्षा आणि माझा निकाल

रागाच्या भरात माणूस स्वतःचं किती नुकसान करून घेऊ शकतो, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडं यावं. चहा घ्या आधी, सांगते.

मी चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. साहेब म्हणाले, ऑडिटरचं सर्टिफिकेट आणा, सेक्शनचं प्रमुखपद तुमचं. परीक्षा घेणाऱ्या कंपनीनं नवा पेपर काढला होता आणि आधी त्याची ट्रायल घेणार होती. ट्रायल असली तरी पास होणाऱ्याला सर्टिफिकेट खरंखुरं. मी आणि माझ्याच सेक्शनमधला दीपक, दोघांनी नावं घातली.

पेपर कॉम्प्युटरवर. नेहमीच्या परीक्षेत शेवटचं बटण दाबलं की निकाल समोर दिसतो. इथं दाबलं, तर नुसते आभार. सेंटरवरच्या मुलीला जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सध्या पेपरचीच परीक्षा चालूय. कोणते प्रश्न ठेवायचे ते ठरलं की मग तुमचा निकाल. दोन-तीन महिने धरून चाला."

दोन-तीन महिने? अहो, तेवढ्यात आमच्या गावी पिशोरला मूग पेरून, तोडून घरात येतो!

तणतणत हर्सूलला घरी आले, चपला भिरकावल्या आणि सासूबाईंना म्हणाले, निकाल लागला नाही. माझं तोंड बघून त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि पिशोरला फोन लावला.

झालं. सांत्वनाचे फोन सुरू. नणंद म्हणाली, लेकरं सांभाळून कुठं अभ्यास होतो का? चुलत सासरे म्हणाले, नोकरीचं काय, आज हाय उद्या नाय. मी एकेकाला घसा फोडून सांगत होते की मी नापास नाही, निकालच यायचाय. तेवढ्यानं ते आणखीच हळवे व्हायचे. सांगा, डोकं फिरणार नाही तर काय?

रविवारी चुलत सासूबाई धपाटे बांधून घरी आल्या. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "व्हय बाई, यायचाय. आमचा बाळूबी दहावीला दोन वर्षं असंच म्हणायचा."

मग मात्र माझं टाळकं सटकलं. ताटावरून उठले, आत जाऊन कंपनीला मेल लिहिला. इंग्रजीत जेवढा राग मावतो तेवढा सगळा कोंबला. शेवटी लिहिलं, एक साधा निकाल लावता येत नसेल तर माझी परीक्षा रद्द करा. पाठवला, बाहेर आले आणि दह्यासोबत दोन धपाटे हाणले. लई बरं वाटलं.

ज्यांना निकालाला महिने लागतात, त्यांचं उत्तर मी हात धुवेपर्यंत आलं. फार नम्र होतं. आपल्या विनंतीनुसार आपली परीक्षा रद्द करण्यात आली आहे. आपला निकाल जाहीर होणार नाही.

मग मी माफीचे मेल धाडले, रागात लिहिलं होतं म्हणून कबूल केलं. त्यांचं म्हणणं एकच, रद्द झालेली परीक्षा पुन्हा चालू करता येत नाही.

काही आठवड्यांनी निकाल लागले. दीपक पास. हल्ली माझ्या रजेच्या अर्जावर तोच सही करतो.

निकाल लागला त्या दिवशी साहेबांनी सगळ्या सेक्शनसमोर विचारलं, "मॅडम, तुमचं काय झालं?"

खरं काय ते जिभेवर आलं होतं. गिळलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "नापास झाले, सर."

तेवढीच जरा इज्जत राहिली.