मोडेमच्या किरकिरीत आईला काय ऐकू आलं?

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात तो कुणाचाच नव्हता. भुताखेतांची भीती वडिलांनी लहानपणीच काढून टाकली होती. शिवाय मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. तरीही हे घडलं...

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही नगरला सावेडीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचो. धाकटा भाऊ मिलिंद अमेरिकेत. त्याला मुलगी झाली, त्यानं ईमेलवर फोटो पाठवला. तो बघायला आई राहात्याहून आली. पण फोटो पूर्ण उघडेचना! वरून एकेक रेघ उमटायची, टोपी दिसायची, कपाळ दिसायचं — आणि कनेक्शन तुटायचं. तीन दिवस हेच. मी वायर बदलली, हॉलमधला फोन काढून ठेवला, मित्राचा मोडेम आणून लावला. फरक शून्य. आई दर वेळी चष्मा पुसून खुर्ची ओढून बसायची.

चौथ्या दिवशी सकाळी टेलिफोनचे लाइनमन शेखभाई आले. घरात दोष नाही म्हणाले. त्यांना ऐकवायला मी पुन्हा डायल केलं. मोडेमची किरकिर सुरू झाली. आई डोळे मिटून ऐकत होती.

"पान्यात हाय ते," ती म्हणाली. "चिंचेखाली."

मला हसू आलं. आसपास चिंच नव्हतीच, आणि गुडघ्यांमुळे आई आल्यापासून जिना उतरली नव्हती. शेखभाई मात्र हसले नाहीत.

"सर, मागच्या गल्लीत चिंच हुती," ते हळू आवाजात म्हणाले. "रस्ता झाला तवा तोडली, तुमी हितं राहायला यायच्या आधी. आपल्या केबलचा जॉइंट तिथंच हाय."

खणून बघितलं, तर शेजारचा नळाचा पाइप गळत होता आणि जॉइंट चिखलात बुडालेला.

संध्याकाळी फोटो आला — टोपीपासून पायमोज्यांपर्यंत, एका दमात. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाक तुझ्या बापाचं हाय."

लाइनमध्ये पाणी शिरलं की खरखर होते, हे मी वर्गात शिकवायचो. पण तोडलेली चिंच? त्याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. शेखभाईंनाही नाही. आईला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "मला ऐकू आलं, मी सांगितलं." आणि मिलिंदचं नवं पत्र वाचून दाखवायला लावायची.