शीग लावलेला चमचा

"नातीच्या तोंडचं दूध सिंकमध्ये ओतता? लाज नाही वाटत?"

मी इतक्या जोरानं ओरडलो की आमच्या चौथ्या मजल्यावरून खाली दिसणाऱ्या तेलीबांध्याच्या तलावातले बगळे उडाले असतील. समोर विहीणबाई... न्हाणीच्या दारात, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून.

"मी ओतलं? व्याहीबुवा, मी आंघोळ करून राहिली होती ना!"

"मग काय भुतानं ओतलं?"

हे मी म्हणालो. मी! भूतखेत न मानणारा रिटायर्ड रेल्वे गार्ड. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात तीस वर्षं एकटा बसलो. कोण्या भुताला भेटायचंच असतं तर माझ्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक साऱ्या छत्तीसगडात नव्हतं. सालेकसाच्या जंगलात अस्वलाला शिट्टीवर नाचवल्याचं मी सांगतो, तेव्हा घरचे उठून चहा टाकायला जातात. पण आज तिखटमीठ लावत नाही. लावायची हिंमतच नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची, रायपूरची. सून श्वेताचे सिझेरियनचे टाके पिकले आणि नवव्या दिवशी तिला परत भरती करावं लागलं. तोवर बाळाला डब्याचं दूध द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मुलगा अमोल सिलतऱ्याच्या प्लांटमधून रजा काढून दवाखान्यात बसला. घरात उरलो मी, गोंदियाहून आलेल्या श्वेताच्या आई आणि आमची नऊ दिवसांची नात.

विहीणबाईंचं दूध बनवणं म्हणजे सोनाराचं दुकान. उकळून निववलेलं साठ एमएल पाणी, डब्यातल्या चमच्यानं दोन चमचे पावडर, आणि प्रत्येक चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून तो सपाट करायचा. मला ते बघवत नसे. आमच्या घरी पायलीनं धान्य मोजलं तर वर शीग हवीच, डोंगरासारखी. सपाट माप म्हणजे भिकारपणा, असं बाप म्हणायचा. मग माझ्या नातीला सपाट चमचा?

म्हणून त्या आंघोळीला गेल्या की अकराचं दूध मी करायचो. दोन चमचे शिगोशीग, आणि तिसरा आजोबाकडून. डब्यावर सगळं छापलेलं होतं. चष्माही डोळ्यांवर होता. वाचलं नाही.

पहिल्या दिवशी बाटली गार व्हायला पाण्याच्या वाटीत ठेवली, हॉलमधून नातीला उचलून आणलं... तर बाटली रिकामी! धुतलेली, स्टँडवर उलटी. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही वेळा विहीणबाईंनी येऊन नवं दूध केलं, पाजलं. त्यांच्या बाटलीला कधी काही झालं नाही. मी मनात हिशेब जुळवला — बाईला माझ्या हातचं चालत नाही, चोरून ओतते. तिसऱ्या दिवशी तो वरचा तमाशा.

"माझ्या पोरीची पोट्टी हाये ते," त्या म्हणाल्या. "मी उपाशी ठेवीन तिले?"

फोनवर अमोल वैतागला. "पापा, मम्मीजी ऐसा क्यों करेंगी? आप भी ना..."

मी हटलो नाही. विहीणबाईंनी जेवणही केलं नाही. नातीला दूध पाजलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढली, तिला पाळण्यात ठेवलं आणि बॅग उचलून दुपारच्या गाडीनं गोंदियाला निघून गेल्या.

चार वाजता नात भुकेनं रडायला लागली. दाराला आतून कडी. घरात आम्ही दोघंच. मी दूध केलं — तसंच, तीन चमचे, शिगेसकट. या वेळी बाटली खाली ठेवलीच नाही. मुठीत धरून नळाखाली निववली, मनगटावर एक थेंब टाकून पाहिला. कोमट. स्वयंपाकघरातून पाळण्यापर्यंत अकरा पावलं. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मी ती शंभर केली असती.

बाटली तोंडाला लावली. नातीनं दोनदा ओढलं आणि किंचाळली. बाटलीत काही नव्हतं. आतून कोरडी, आताच दुकानातून आणल्यासारखी. निपल घट्ट बसलेलं, फरशीवर डाग नाही. माझ्या मनगटावर मात्र तो पांढरा थेंब तसाच होता.

पुन्हा बनवताना हात असे कापत होते की शीग चमच्यावर ठरेना, ओट्यावर सांडायची. शेवटी बाटलीत गेले ते सपाट दोनच चमचे. ती बाटली भरलेली राहिली. नातीनं साठच्या साठ एमएल संपवलं आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "चमचा सपाटच भरता ना? काही लोक प्रेमानं जास्त घालतात. इतक्या लहान बाळाच्या किडनीला ते झेपत नाही, झटकेसुद्धा येतात. दूध कोण बनवतं?"

तर माझी जीभ काय बोलली ऐका... "विहीणबाई बनवायच्या. आता गावी गेल्या."

शेजारी उभा अमोल म्हणाला, "मम्मीजी को मैं समझा दूँगा."

बाटली कोणी रिकामी केली, मला आजही माहीत नाही. अमोल म्हणतो, पापा, आप भूल गए होंगे. पुरानी बस्तीतले एक पुजारी म्हणाले, घरातलंच गेलेलं कोणी असेल. कोण, ते त्यांनाही सांगता आलं नाही. जे कोणी होतं, त्याला चमचा मोजता येत होता. मला येत नव्हता.

त्या दिवशी अमोलच्या आधी मीच फोन लावला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून. शीग, तिसरा चमचा, कोरडी बाटली, डॉक्टरीणबाईंना मारलेली थाप — सगळं विहीणबाईंना सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

"पोट्टी पेते ना आता?"

"पेते."

"श्वेताले सांगतलं?"

"नाही... तिची तब्येत अजून..."

"मंग मले कायले सांगून राहिले? तिले सांगा."