ब्रेकचे दिवे लागत होते, असं मी म्हणालो

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी एकच नाव घेईन — महादेव दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सैन्यात हवालदार होते, ट्रक चालवायचे. अक्का लग्न होऊन उंब्रजला गेली तेव्हा मी वडूजच्या शाळेत होतो. तिथून सांगलीला बी.एस्सी. होईपर्यंत मला शिकवलं ते त्यांनी. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कुणाची नव्हती. आज मी सांगलीतच मुलांना फिजिक्स शिकवतो. हे मी पुष्कळांना सांगतो. पुढचं मात्र परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलासुद्धा नाही.

दाजींनी निवृत्तीनंतर जुनी मोटार घेतली. दिवाळीला मी तिच्यासाठी पडद्याचा टेप नेला, मागं बघायच्या कॅमेऱ्यासकट. ते म्हणाले, कराडला दुकानात बसवून घेऊ. मी म्हटलं, "आवं दाजी, चार वायरी तर हायत." एवढंच पुरलं त्यांना. गल्लीत सांगत सुटले, "दुकान कशाला? आमचा मेव्हणा फिजिक्सचा मास्तर हाय."

मोबाइलवर व्हिडिओ बघत मी डॅशबोर्ड उघडला. बॅटरीची तार आधी काढायची असते. मला माहीत नव्हतं का? होतं. कंटाळा केला. कॅमेऱ्याची वायर मागच्या दिव्यांच्या तारांना जोडताना एक ठिणगी उडाली — बारीकशी. पण पडदा उजळला, पोरं नाचली, आणि मी ती ठिणगी विसरलो. अक्का ओट्यावरून म्हणाली, "मी मागनं बघू का रं, समदं दिवं लागत्यात का?"

"अगं, टेप बसवलाय नुसता," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात गावाबाहेर दाजींच्या पुढ्यात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. त्यांनी ब्रेक दाबला. मागून दुधाचे कॅन घेऊन येणारा संपत मोटारसायकलसकट गाडीवर आदळला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात तो एकच सांगत होता — गाडीचा लाल दिवा लागलाच न्हाई.

संध्याकाळी सगळे दवाखान्यात असताना मी गाडीची पाठ गोठ्याच्या भिंतीकडे केली आणि ब्रेक दाबला. भिंत काळीच. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज जळला होता — त्याच ठिणगीनं. दुसरं कारण नव्हतं. नवा घातला. पुन्हा दाबला. भिंत लाल झाली.

तेव्हा दवाखान्यात जाऊन सांगता आलं नसतं का? आलं असतं. चालत जाण्याइतकं जवळ होतं.

सकाळी संपतचा भाऊ आला. भांडायला नव्हे, विचारायला. "मास्तर, तुमीच सांगा. तुमी शिकलेली मान्सं." दाजी शेजारीच उभे होते. मी म्हणालो, दिवे पहिल्यापासून लागतायत. ब्रेक दाबून दाखवला. तो लाल उजेडाकडे बघत राहिला. "मग आमच्याच भावाचं ध्यान नसंल," म्हणाला.

"त्याला कशाला बोल लावतोस रं?" दाजी म्हणाले. "माझाच पाय एकदम पडला. वय झालं गड्या."

त्या दिवशी त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. डोंगरात बर्फावर ट्रक हाकलेला माणूस — आता पिशवी घेऊन एसटीनं येतो. चहाच्या टपरीवर कुणी तरी म्हणतं, "काय हवालदार, आज लाल गाडी व्हय?" ते हसतात. संपत आजही थोडा लंगडतो, आणि गाव म्हणतं, मोबाइल बघत चालवत असंल.

मागच्या महिन्यात मी दाजींना माझ्या गाडीतून सांगलीला आणत होतो. पुढची एसटी थांबली. मी ब्रेक दाबायच्या आधीच शेजारी त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला गेला होता — जेवढा हवा तेवढाच, अगदी वेळेवर. मग स्वतःशीच ओशाळून त्यांनी पाय मागं घेतला. "तू बरा चालवतोस," म्हणाले. "माझ्यावानी न्हाई."

त्यानंतर मी खरं सांगायचं ठरवलं. फोन केला असता तर त्यांचा आवाज ऐकून मी पुन्हा खोटं बोललो असतो. म्हणून हे लिहून पाठवलं —

"ती. दाजींना सा. न.

तुमचा पाय चुकला नव्हता. संपतही खरं बोलत होता. टेप बसवताना ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज माझ्या हातून जळला. तुम्ही सगळे दवाखान्यात होता तेव्हा मी तो बदलला आणि सकाळी तुमच्यादेखत संपतच्या भावाशी खोटं बोललो. रविवारी मी संपतच्या घरी जाऊन त्याला आणि त्याच्या भावाला हे सांगून आलो.

फ्यूज बदलल्यावर गोठ्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. तो मी एकट्यानं पाहिला. तेव्हापासून मला माहीत आहे.

सुभाष"