नोंदवहीचे देखणे पान

जुन्नरला तहसील कचेरीसमोर टेबल मांडून मी गेली बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. दहावीच्या गणिताने मला तीनदा परत पाठवले. परंतु ‘सविनय सादर करण्यात येते की’ हे वाक्य माझ्याइतके वजनदार तालुक्यात कोणी लिहीत नाही, असे माझे प्रामाणिक मत होते. अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा मी जुना लॅपटॉप घेतला. शेतकऱ्यांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येकाचे नाव, गाव, मोबाईल क्रमांक आणि पासवर्ड नोंदवहीत लाल रेघा आखून उतरवू लागलो.

एका सोमवारी फोन आला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाला, “वरिष्ठ कार्यालयातून बोलतो. आपली नोंदवही आदर्श असल्याचे ऐकतो. नमुन्यादाखल एक पान पाठवावे.” माझ्या अक्षराची कीर्ती वरपर्यंत पोहोचली याचे मला आश्चर्य वाटले नाही, उशीर झाला, एवढेच वाटले. सर्वांत देखणे पान निवडून मी त्याचा फोटो धाडला. त्यावर अठरा माणसे होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाला हे अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, “असलं कुणी मागत नाय, राव. फसलात.” त्या अठरा जणांच्या अनुदानाच्या अर्जांतला बँक खात्याचा क्रमांक आता तो गृहस्थ हवा तेव्हा बदलू शकत होता.

मी तातडीने पोलिसांकडे चार पानी तक्रार लिहिली. ‘सदर इसम’ खोडून ‘उक्त इसम’ केले, पुन्हा ‘सदर’ केले आणि ती रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह रवाना केली. अठरांपैकी एकालाही मात्र कळवले नाही. प्रकरण विचाराधीन असताना वाच्यता करणे मला अशोभनीय वाटले. खरे म्हणजे लाज वाटली.

तक्रारीची प्रत ओतूरच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांना वाचून दाखवली. ते एम.एस्सी.च्या मुलांना सायबर सुरक्षा शिकवतात. ते म्हणाले, “हे प्रकरण वर्गात घेतो. नाव सांगणार नाही. तुम्हीही या.” माझ्या भाषेचा हा गौरव समजून गुरुवारी मी कोट घालून गेलो.

त्यांची पद्धत अशी, की प्रकरण अर्ध्यावर थांबवायचे आणि मुलांना विचारायचे, “या गृहस्थांच्या जागी तुम्ही आहात. पान गेलंय. पहिला निर्णय कोणता?” मुलांची उत्तरे झाल्यावर त्यांनी माझा निर्णय वाचला.

“रजिस्टर पोस्टानं?” मागून एक जण म्हणाला. “सर, पोस्टमनच्या आधी चोर रिटायर व्हईल!”

वर्ग हसला. संशय नको म्हणून मीही हसलो.

मग पहिल्या बाकावरची मुलगी उठली. “सर, आधी त्या अठरा जणांना फोन. पासवर्ड बदलायचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येणार. त्यांनाच ठाऊक नसंल तर बदलणार कोण? आमी बोरी बुद्रुकचे. आमच्या बापूंचं बी सगळं जुन्नरच्या एका अर्जवाल्या काकांकडं हाये. त्यांनी असं दडवलं तर?”

पानावर बोरी बुद्रुकचे एकच नाव होते. सातवी ओळ.

मी उभा राहिलो. बावीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये सुरू करून दिली. स्वतःचे एकही सुचेना. “ते काका मीच,” एवढेच म्हणालो आणि पिशवीतून नोंदवही काढून सातव्या ओळीचा क्रमांक लावला.

“बापू, अर्जवाला बोलतोय. आपणांस कळविण्यात येते की—”

“आवो भाऊ, झालं काय ते सांगा की!”

“तुमचा पासवर्ड चोराच्या हाती गेला. माझ्यामुळं. सोमवारी.”

“आन् आज सांगताय व्हय? बरं, आता म्या काय दाबू?”

ते मला ठाऊक नव्हते. मुलगी पुढे आली. “काका, फोन द्या इकडं. बापू, मी हाय. आधी मोबाईल कानावरनं काढा.”

“तू तिथं काय करतीस गं?”

“तुमचंच काम!”

बापूंच्या अर्जातला बँक खात्याचा क्रमांक अजून त्यांचाच होता. तिने पासवर्ड बदलून घेतला. उरलेली सतरा नावे मी उभ्या-उभ्या वाचत गेलो, मुले फोन लावत गेली. कोणालाही एकसुद्धा आकडा पुन्हा विचारावा लागला नाही. पान खरोखरच सुवाच्य होते.