हुंकार थांबला की

लीड्समधल्या आमच्या शेजारच्या आयरिश आजींनी मला त्यांच्या गोष्टींच्या फेस्टिवलला नेलं आणि न विचारताच स्टेजवर उभं केलं. कागद चालत नाही, म्हणे. गोष्ट तोंडीच सांगायची. आत्या सांगायची ती राक्षसाची गोष्ट मी इंग्लिशमधून सुरू केली. हॉल चिडीचूप! अरे, कुणीतरी ‘हं’ म्हणा की! आमच्याकडे हुंकार थांबला की ऐकणारा झोपला असं समजतात आणि गोष्ट तिथेच थांबते. मीही थांबले. कारण सांगितलं, तसा अख्खा हॉल हुंकार द्यायला लागला. राक्षस दारापर्यंत आला आणि मी अडकले. लहानपणी मी नेमकी इथेच झोपायचे. पुढचं कधी ऐकलंच नव्हतं.

“हं,” हॉल म्हणाला.