कान टोचण्याचा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. अजूनही शाळेसमोर पोलिसांची जीप हळू झाली की माझ्या हातातला खडू थांबतो. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही.

मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात मराठी शिकवतो. दुकानांच्या पाट्यांवरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत हिंडणारा माणूस. गावात त्यावरून माझी थट्टा होते. शब्दाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही — असं तेव्हापर्यंत मला वाटायचं.

गजानन रामटेके नगरपालिकेत रोजंदारीवर होता, नळाचे व्हॉल्व्ह खोलायचा. त्याची मुलगी माझ्या शाळेत. एका बाजाराच्या दिवशी पोलिसांनी एका म्हाताऱ्या संत्रेवाल्याची हातगाडी उलथवली, वर काठ्याही हाणल्या. का? गाडी रस्त्यात होती म्हणून. सगळ्यांनी पाहिलं, मीही. गजाननने तेवढं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "म्हाताऱ्याले कायले मारून राहिले? कोनीतरी ठानेदार सायबाचे कान टोचले पायजे." त्याखाली मी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातला शिपाई शाळेत आला. साहेबांनी बोलावलंय. माझा अंगठा सापडला, दुसरं काय? ठाण्यात कोठडी दिसली, गजांमागे गजानन. ओठ सुजलेला. मला पाहून त्याच्या जिवात जीव आला, हे मला स्पष्ट दिसलं.

आतल्या खोलीत ठाणेदारांनी मोबाइल पुढे धरला. त्यांना मराठी येत नव्हती; म्हणून मी. "मास्टरजी, ये कान टोचना मतलब? कान में सुई घुसेड़ना, यही ना?"

चूक करणाऱ्याला समज देणे — साधा वाक्प्रचार. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. दरवर्षी आठवीला शिकवतो मी. एवढंच तर सांगायचं होतं. किती वेळ लागला असता? पण त्यांचं बोट त्या अंगठ्यांच्या अगदी जवळ होतं. जरा दाबलं असतं तर माझं नाव दिसलं असतं.

"जी सर," मी म्हणालो.

"मतलब धमकी।"

"जी सर."

जबाबाच्या कागदावर सही केली. सहीखाली 'मराठी शिक्षक' असं लिहिलं — ते तर कुणी सांगितलंही नव्हतं.

तीन दिवसांनी गजानन जामिनावर सुटला. काम गेलं होतं. माझ्या घरी आला, दारातच हात जोडले. "गुर्जी, तुमी बोलले म्हनून सुटलो. नाही तं सडूनच राहिलो असतो." मी काय केलं? चहा घे म्हणालो. तो प्यायला.

आता तो सौंसरला हमाली करतो. केस चालू आहे, तारखा पडतात, तो कागद फाइलीत आहे. अर्थ अजूनही सांगता येईल, हे मला कळतं. प्रत्येक तारखेला मी घरात येरझाऱ्या घालतो, आणि कोर्टात जात नाही. भीती वाटते.

गेल्या महिन्यात आठवीचे पेपर तपासत होतो. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. गजाननच्या मुलीचा पेपर होता. 'कान टोचणे — चुकणाऱ्याला त्याची चूक दाखवून देणे. माझ्या बाबांनी साहेबांचे कान टोचले.'

उत्तर बरोबर होतं. दोनपैकी दोन गुण दिले आणि खाली सही केली.